लॉर्ड हॅरिसची दांडी उडवणारा वकील

पहिला दिवस, गुरुवार : चिझिक

लेकीकडे हाउन्स्लोला येऊन आठ दिवस झाले होते. राजवाडा झाला, म्युझियम झालं, साउथॉलला जाऊन कोथिंबीर आणि फरसाणही आणून झालं. मग मी घरात जाहीर केलं, की पुढचे सहा दिवस मी एका माणसाच्या मागावर जाणार.

"कोण?" लेकीने विचारलं.

"एक बॉलर आहे."

हिने भाजी निवडता निवडता मान वर केली. "अहो, जिवंत आहे का?"

"१८८८ साली गेला."

"वाटलंच."

माझं क्रिकेट सांगायचं तर कांगा लीगमध्ये सतरा वर्षं, तेही तळाच्या डिव्हिजनमध्ये. वर पाऊस, खाली चिखल, आणि कंबरेएवढ्या गवतात हरवलेला चेंडू. एका डावात सहा विकेट ही माझी आयुष्यातली कमाई. ती ज्या स्कोअरबुकात लिहिली होती ते क्लबच्या कपाटात वाळवीने खाल्लं. त्यामुळे कुठल्याही जुन्या धावफलकात एखाद्या अनोळखी बॉलरच्या नावापुढे पाच-सहा विकेट दिसल्या की मी थांबतो.

गेल्या पावसाळ्यात पारशी संघाच्या इंग्लंड दौऱ्यांबद्दल वाचत होतो. १८८६च्या पहिल्या दौऱ्यात २८ सामने आणि विजय फक्त एक. दोनच वर्षांनी, पेस्तनजी कांगांच्या नेतृत्वाखाली ३१ सामने, ८ विजय, ११ पराभव, १२ अनिर्णित. (लीग ज्यांच्या नावाची ते डॉ. होरमसजी कांगा, हे वेगळे.) मेहेल्लाशा पावरींनी एकट्याने १७० विकेट काढल्या, ११.६६च्या सरासरीने. या दौऱ्यात ३ ऑगस्टला बोर्नमथमध्ये तिथल्या 'जेंटलमेन'शी सामना झाला आणि पारशांच्या पहिल्या डावात पाच जणांना घरी पाठवणारा गोरा होता एम. जे. ड्रुइट.

नाव शोधलं तर क्रिकेट सापडेचना. जिथे तिथे जॅक द रिपर. १८८८च्या ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबरच्या दरम्यान लंडनच्या पूर्व भागात पाच गरीब बायकांचे खून झाले, खुनी कधीच सापडला नाही, आणि पुढे संशयितांच्या ज्या याद्या निघाल्या त्यांत मॉन्टेग्यू जॉन ड्रुइट या वकिलाचं नाव अगदी वर जाऊन बसलं. लोक त्याच्यावर घोळके करून बोलतात ते या एका कारणाने. त्याने पाच पारशी बाद केले हे कुणाच्या खिजगणतीत नाही. म्हटलं, आपण निदान बॉलर म्हणून भेटून येऊ.

सुरुवात शेवटापासून केली, कारण शेवट हाउन्स्लोहून सर्वांत जवळ. गाडीने चिझिकला उतरलो आणि सेंट निकोलस चर्चकडे चालत गेलो. चित्रकार होगार्थ इथल्या आवारात पुरला आहे. चर्चमागची अरुंद गल्ली उतरत थेट नदीच्या पाण्यात जाते, आमच्याकडे कोळीवाड्यातून बंदरावर जावं तशी. थेम्सला इथे भरती-ओहोटी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मोठी भरती आली की काठचा रस्ता पाण्याखाली जातो. शेजारच्या फुलरच्या ब्रुअरीकडून भिजल्या धान्याचा वास येत होता.

चर्चजवळच्या या काठावर तेव्हा थॉर्निक्रॉफ्टचा कारखाना होता. आरमारासाठी टॉर्पेडो बोटी बांधायचा. आता तिथे नदीकडे तोंड केलेली नीटनेटकी घरं आहेत. ३१ डिसेंबर १८८८ रोजी कारखान्यासमोर हेन्री विन्स्लेड नावाच्या नावाड्याला पाण्यात एक देह दिसला. महिनाभर पाण्यात असावा. कोटाच्या खिशांत दगड. अंगावर चांदीचं घड्याळ, एक पन्नास पौंडांचा आणि एक सोळा पौंडांचा असे दोन चेक, ब्लॅकहीथ ते लंडन असा पहिल्या वर्गाचा पास आणि हॅमरस्मिथहून चेअरिंग क्रॉसला परत जायचं, १ डिसेंबरचं, न वापरलेलं अर्धं तिकीट.

२ जानेवारीला जवळच्याच 'लॅम्ब टॅप' नावाच्या दारूच्या गुत्त्यात चौकशी बसली. तेव्हा अशा चौकशा गुत्त्यातच व्हायच्या. मोठी खोली दुसरीकडे नसे. बोर्नमथला सॉलिसिटर असलेला थोरला भाऊ विल्यम साक्षीला आला. त्याने धाकट्याच्या खोलीत सापडलेली चिठ्ठी दाखवली. शुक्रवारपासून वाटतंय की माझंही आईसारखंच होणार, अशा अर्थाची. आई त्याच वर्षीच्या जुलैपासून वेड्यांच्या इस्पितळात होती. पंचांनी निकाल दिला : मनाचा तोल गेलेला असताना आत्महत्या. वय ३१.

मी काठावर तासभर बसलो. पाणी चढत होतं. परतीच्या तिकिटाचं काही केल्या डोक्यातून जाईना. परत यायचंच नसेल तर माणूस जाण्याचं तेवढंच काढेल ना? पण मग आठवलं, मीही दादरला निम्म्या वेळा सवयीने रिटर्न काढायचो.

दुसरा दिवस, शुक्रवार : टेम्पल, थोडं लॉर्ड्स

दिवसभर रिपरिप. फ्लीट स्ट्रीटवरच्या एका कमानीतून आत शिरलं की गाडीघोड्यांचा आवाज एकदम बंद होतो आणि आपण वकिलांच्या गावात येतो. इनर टेम्पल. ड्रुइट इथे १७ मे १८८२ला दाखल झाला, फी भरायला वडिलांकडून पैसे कर्जाऊ घेऊन. वडिलांनी ते त्याला पुढे मिळायच्या पाचशे पौंडांच्या वारशातून वळते करायचं ठरवलं होतं. सर्जन माणूस, हिशेब चोख. २९ एप्रिल १८८५ला सनद मिळाली, आणि त्याच सप्टेंबरात वडील हृदयविकाराने अचानक गेले.

त्याचं चेंबर ९, किंग्ज बेंच वॉक. विटांच्या उंच, गंभीर इमारतींची ओळ. दारांशी वकिलांची नावं एकाखाली एक रंगवलेली, आमच्या चाळीच्या जिन्यात भाडेकरूंची असायची तशी.

मराठी माणसाला लंडनच्या वकिली संस्था म्हटलं की ग्रेज इन आणि बाबासाहेब आठवतात. इनर टेम्पलच्या अंगणात मात्र माझ्या डोक्यात दुसरं गणित चाललं होतं. मोहनदास करमचंद गांधी ४ सप्टेंबर १८८८ला मुंबईहून बोटीत बसले आणि ६ नोव्हेंबरला याच इनर टेम्पलमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले. म्हणजे जेमतेम तीनेक आठवडे हे दोघे एकाच संस्थेच्या पटावर होते. एकोणीस वर्षांचा, काट्याचमच्याला बिचकणारा काठियावाडी मुलगा आणि एकतीस वर्षांचा, आईच्या आजाराने पोखरलेला इंग्रज वकील. या फरशीवरून एकमेकांच्या बाजूने गेले असतील का, असं कुणी विचारलं तर मी नुसती छत्री झटकेन.

दुपारी लॉर्ड्सला गेलो. २६ मे १८८४ला ड्रुइट एमसीसीचा, म्हणजे लॉर्ड्सच्या मालक क्लबचा, सभासद झाला. नाव सुचवणारा चार्ल्स सीमूर, अनुमोदक व्हर्नन रॉयल, जो त्या काळातला नावाजलेला क्षेत्ररक्षक. लोक ज्याचे फोटो काढतात ते लाल पॅव्हेलियन मात्र ड्रुइटने पाहिलंच नाही. ते १८८९-९०मध्ये उभं राहिलं.

गाइड सांगत होता ते 'जेंटलमेन' आणि 'प्लेयर्स'चं. पैसे न घेता खेळणारा तो जेंटलमन, मजुरी घेऊन खेळणारा तो प्लेयर. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायचं दार वेगळं, छापील धावफलकावर नावाची आद्याक्षरं कुठे लिहायची तेही वेगळं. हा भेद कागदोपत्री संपायला १९६२ साल उजाडलं. आमच्या गटातले दोन ऑस्ट्रेलियन मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही. पुण्याच्या जिमखान्यावर दलित बॉलर पालवणकर बाळूंना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे, हे आपल्याकडचं. त्यांचा चेंडू चालायचा, कपबशी चालायची नाही.

घाम गाळायची बोलिंग प्लेयर लोकांनी करायची आणि जेंटलमननी ऐटीत बॅट फिरवायची, अशी त्या काळची साधारण वाटणी. ड्रुइट जेंटलमन असून मनापासून बॉलर होता. मला तो आवडायला लागला होता, एवढं कबूल करतो.

तिसरा दिवस, शनिवार : ब्लॅकहीथ

लंडन ब्रिजहून गाडीने पाव तासाचं अंतर. स्टेशनातून चढ चढून वर आलो की समोर नुसतं गवत. झाड नाही, कुंपण नाही, मधोमध एक टोकदार चर्च आणि वर भरपूर आकाश. लंडनमध्ये इतकं आकाश एकदम दिसत नाही. शिवाजी पार्क चौपट ताणलं आणि समुद्र काढून घेतला तर असं दिसेल.

या माळाच्या दक्षिण कडेला इलियट प्लेस. जुन्या घरांची देखणी ओळ. एकावर ध्रुवप्रदेशात फिरलेल्या जेम्स क्लार्क रॉसची निळी पाटी आहे. ९ नंबरवर तशी पाटी असण्याचं कारण नाही. इथे जॉर्ज व्हॅलेंटाइन यांची मुलांची निवासी शाळा होती. ऑक्सफर्डहून तिसऱ्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडलेला ड्रुइट १८८०पासून इथे शिक्षक होता, आणि वकिली सुरू झाल्यावरही त्याने ही नोकरी सोडली नाही. सनद मिळाली म्हणून अशील मिळतंच असं नाही. आमच्या गिरगावात दिवसा कोर्टात आणि संध्याकाळी क्लासमध्ये दिसणारे वकील मी पाहिलेत. शिवाय इथे राहायला खोली होती आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मैदान.

क्लबही मिळाला. आधी ब्लॅकहीथ मॉर्डन क्लबचा तो खजिनदार. मग आसपासचे क्लब एकत्र येऊन 'ब्लॅकहीथ क्रिकेट, फुटबॉल अँड लॉन टेनिस कंपनी' निघाली, तिचा हा सेक्रेटरी, खजिनदार आणि संचालक. ज्याने कधी क्लब चालवला आहे त्यालाच हे काम म्हणजे काय ते कळेल. वर्गणी मागायची, रोलरवाल्याचे पैसे द्यायचे, रविवारी अकरा माणसं भरतील का याची शनिवारी रात्री काळजी करायची. उनाड, बेभरवशाच्या माणसाच्या हातात कुणी क्लबची तिजोरी देत नाही.

आता तो सामना. ५ जून १८८६, ब्लॅकहीथ विरुद्ध 'बँड ऑफ ब्रदर्स'. पाहुण्यांचा कप्तान लॉर्ड हॅरिस. इंग्लंडचा माजी कप्तान, केंटचा सर्वेसर्वा. ड्रुइटने त्याची दांडी उडवली, १४ धावांवर. आणखी तीन विकेट काढल्या आणि ब्लॅकहीथ १७८ धावांनी जिंकलं.

चार वर्षांनी हेच हॅरिससाहेब मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. १८९० ते १८९५. मैदानावर गोऱ्यांचे पोलोचे घोडे नाचायचे आणि हिंदी पोरांच्या खेळपट्ट्यांचा चुथडा व्हायचा. त्याविरुद्धचे अर्ज साहेबांपुढे गेले, पण साहेब घोड्यांच्या बाजूचे. दुसरीकडे जिमखान्यांना समुद्रकाठी जागा, आणि १८९२पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे प्रेसिडेन्सी सामने, हेही त्यांच्याच कारकिर्दीत. आमच्या दृष्टीने साहेबांचं काम एकच : शाळांची हॅरिस शील्ड. १९८८च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर दोन पोरांनी ६६४ धावांची भागी केली ती याच शील्डमध्ये. मी स्वतः शाळेकडून एकदा हॅरिस शील्ड खेळलो आणि पहिल्या फेरीत भोपळा फोडता आला नाही. तेव्हा हॅरिसची दांडी उडवणाऱ्या माणसाबद्दल मला जो जिव्हाळा आहे, त्याला हेही एक कारण समजावं.

हॅरिसनंतर दोन आठवड्यांनी इंग्लंडचा जॉन शूटर भोपळ्यावर बाद. पुढच्या वर्षी सरेचा संघ आला तेव्हा बॉबी एबल ५६वर त्रिफळाचीत. काउंटीच्या दर्जाचा सामना ड्रुइटला कधी मिळाला नाही, पण दर्जाची माणसं समोर आली की याचा चेंडू पडत होता. असले बॉलर प्रत्येक मैदानावर असतात. मोठ्या खेळाडूच्या आत्मचरित्रात त्यांचं नाव नसतं. त्यांच्या नातवंडांना मात्र मोठ्या खेळाडूचं नाव पाठ असतं. याला नातवंडं नव्हती.

माळ ओलांडून चार्ल्टन रोडवर रेक्टरी फील्डला पोचलो तेव्हा नशिबाने सामना चालू होता. याच मैदानावर १८८७ ते १९७१ केंटचे सामने व्हायचे. आता क्लबचा शनिवार. उतरतं मैदान, जुनं स्टँड, स्कोअररपुढे टॅबलेट. पाकिस्तानी किंवा पंजाबी असावा असा एक उंच पोरगा चढाच्या टोकाकडून बोलिंग टाकत होता आणि प्रत्येक चेंडूनंतर कमरेवर हात ठेवून स्लिपकडे रागाने बघत होता. तीन झेल सुटले. जगात कुठेही जा.

याच क्लबचा एक सामना मात्र इतिहासकार मोजपट्टी घेऊन तपासतात. ८ सप्टेंबर १८८८, शनिवार, सकाळी साडेअकरा. त्या दिवशी पहाटे लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये अॅनी चॅपमन या बाईचा खून झाला होता. सहाएक तासांनी ड्रुइट पांढऱ्या कपड्यांत इथे ख्रिस्टोफरसन बंधूंविरुद्ध खेळायला हजर. स्टॅन्ली ख्रिस्टोफरसनने त्याला बाद केलं, त्याने उलट ख्रिस्टोफरसनला बाद केलं, ब्लॅकहीथ २२ धावांनी जिंकलं. एक पक्ष म्हणतो, असा माणूस रात्रभर रक्त सांडून येऊन सरळ चेंडू टाकेल का? दुसरा म्हणतो, वेळ पुरत होता, रेल्वे होती. बिचाऱ्या स्कोअररने तेव्हा मन लावून टिंबं-आकडे भरले असतील. सव्वाशे वर्षांनी लोक ते साक्षीपुरावा म्हणून वाचतील हे त्याला काय माहीत.

३० नोव्हेंबरला, शुक्रवारी, शाळेने ड्रुइटला काढून टाकलं. तो काही गंभीर भानगडीत सापडला होता, एवढंच चौकशीच्या बातमीत आलं. चिठ्ठीतला शुक्रवार तो हाच. त्यावर लोकांनी इमले बांधलेत, मी वीट ठेवत नाही. मला क्लबचं इतिवृत्त अधिक लागलं. २१ डिसेंबरला कमिटी बसली आणि ठराव झाला : सेक्रेटरी व खजिनदार ड्रुइट परदेशी गेले असल्याने त्यांना पदावरून दूर करण्यात येत आहे. तोवर तो तीन आठवडे नदीत होता. क्लबवाल्यांना वाटलं, गडी न सांगता परदेशी निघून गेला.

चौथा दिवस, रविवार : विंचेस्टर

हिला समुद्र हवा होता, म्हणून बोर्नमथला तीन रात्रींची खोली घेतली होती आणि वाटेत विंचेस्टर. रविवारी इथेही मेगाब्लॉक असतो हे नव्याने कळलं. अर्धा प्रवास बदली बसने, बॅगा मांडीवर. हिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, पण ते पुरेसं होतं.

विंचेस्टर कॉलेज १३८२चं. बाहेरूनच पाहिलं. ड्रुइट तेराव्या वर्षी स्कॉलरशिप मिळवून इथे आला. हाताने भिंतीवर चेंडू मारायचा 'फाइव्ह्ज' नावाचा खेळ आहे, त्यात शाळेत पहिला. क्रिकेट संघाचा सलामीचा बॉलर. वादविवाद मंडळाचा खजिनदार (खजिनदारी इथपासूनच). बिस्मार्कविरुद्ध बोलला, पंतप्रधान डिझरायलीने राजीनामा द्यावा असंही बोलला. हेच डिझरायली लहानपणी ब्लॅकहीथच्या त्या इलियट प्लेसच्या शाळेत शिकले होते म्हणतात. जून १८७६मध्ये ईटनविरुद्ध त्याने कायनॅस्टन स्टडचा चारवर त्रिफळा उडवला. ईटनकडून आयव्हो ब्लायही होता, अॅशेसचा करंडक पुढे ज्याच्या हाती आला तो. सामना ईटनने जिंकला.

एक आपला धागा सांगून पुढे जातो. बॉडीलाइनवाला डग्लस जार्डिन जन्माने मलबार हिलचा मुंबईकर आणि शाळेने विंचेस्टरचा. त्याने शाळेत धावांचा केलेला विक्रम चाळीस वर्षांनी, १९५९ला, मोडला तो मन्सूर अली खान पतौडीने.

पाचवा दिवस, सोमवार : विम्बोर्न

बोर्नमथहून बसने विम्बोर्नला गेलो. रेल्वे इथून केव्हाच गेली. डॉर्सेटमधलं हे एक टुमदार गाव. मध्यभागी दोन मनोऱ्यांचं मिन्स्टर. पश्चिमेच्या मनोऱ्यावर लाल डगल्यातला लाकडी शिपाई उभा असतो आणि दर पाव तासाला घंटा ठोकतो. आत चौदाव्या शतकातलं घड्याळ आहे, ज्यात सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. पुस्तकं साखळदंडांनी बांधलेलं ग्रंथालयही आहे, १६८६चं. आम्ही गेलो तेव्हा बंद होतं.

मॉन्टेग्यूचा बाप्तिस्मा या मिन्स्टरमध्ये झाला. जन्म १५ ऑगस्ट १८५७. तारीख आपल्या कामाची आणि सालही. वडील गावचे नामांकित सर्जन, न्यायदंडाधिकारी, शाळेच्या नियामक मंडळावर. वेस्टफील्ड हाउस हे त्यांचं घर गावातलं सर्वांत मोठं. तबेले, नोकरांच्या खोल्या. ते आम्ही रस्त्यावरून पाहिलं. आता तिथे फ्लॅट आहेत आणि एका खिडकीत मांजर बसलं होतं.

डॉक्टरांचं घराणं ही गोष्ट ध्यानात ठेवा. १८९४मध्ये मेल्व्हिल मॅकनॉटन या पोलीस अधिकाऱ्याने एक टिपण लिहिलं. खुनांच्या वेळी हे गृहस्थ पोलिसात नव्हतेच, १८८९ला आले. त्याआधी बंगालमध्ये वडिलांच्या जमिनी सांभाळायचे. टिपणात त्यांनी ड्रुइटला डॉक्टर म्हटलं आणि एका प्रतीत वय ४१ लावलं. वकिलाचा डॉक्टर झाला, एकतीसचा एक्केचाळीस. खुद्द घरच्यांनाच त्याचा संशय होता, असंही ऐकीव माहितीवर लिहिलं. रिपरपंथातलं ड्रुइटचं देवस्थान उभं आहे ते या टिपणावर. तपासात प्रत्यक्ष राबलेला इन्स्पेक्टर फ्रेडरिक अॅबरलाइन निवृत्तीनंतर १९०३मध्ये वार्ताहराला म्हणाला, की त्या सुमाराला त्याचा देह सापडला, यापलीकडे त्याच्याविरुद्ध काही नाही.

आणि ३१ ऑगस्टला पहिला खून झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला ड्रुइट कुठे होता? इथून जवळच, कॅनफर्डला. क्रिकेट खेळत.

स्मशानभूमी गावाच्या कडेला, कुंपणापलीकडे शेतं. आम्ही दोघं दोन बाजूंनी नावं वाचत सुटलो. वीस मिनिटं झाली, कमर धरली. कुत्रं घेऊन फिरणाऱ्या एक आजीबाई लांबून आमच्याकडे बघत होत्या. जवळ आल्या, काही न विचारता बोट करून म्हणाल्या, "रिपर तिकडे."

मी म्हटलं, "आम्ही क्रिकेटसाठी आलोय."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. कुत्र्यालाही पटलेलं दिसलं नाही.

चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी, ३ जानेवारी १८८९ला, त्याला इथे आणून पुरलं. पंचांनी 'मनाचा तोल गेलेला असताना' असे शब्द घातले नसते तर घरच्यांना हे दफन इतक्या सरळपणे करता आलं असतं की नाही, कोण जाणे. त्या शब्दांत कायदा होता आणि मायाही. आई पुढे दोन वर्षं जगली. डिसेंबर १८९०मध्ये तीही गेली, चिझिकच्याच एका इस्पितळात. ज्या गावच्या नदीत मुलगा सापडला त्याच गावी. तिला ते कुणी सांगितलं होतं का, हा प्रश्न हिने विचारला. मी सहा महिने या माणसाबद्दल वाचत होतो, मला सुचला नव्हता.

हिने पर्समधून रुमाल काढून दगडावरची पाखराची शीट पुसली. आम्ही बस पकडली.

सहावा दिवस, मंगळवार : बोर्नमथ

सकाळी किनारा. वाळू पिवळी, पाणी थंडगार, लोक उघड्यावर भाजून घेत पडलेले. हिने पावलं बुडवली आणि चौपाटीच्या पाण्याची ऊब कशाला नाही असं जाहीर केलं.

विम्बोर्न रोडच्या स्मशानभूमीत अॅबरलाइन पुरला आहे. तोही डॉर्सेटचाच, ब्लँडफर्डचा; निवृत्त होऊन बोर्नमथला राहिला आणि १९२९ला गेला. त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षं दगडसुद्धा नव्हता, २००७ला बसवला. पाच मिनिटं थांबलो आणि डीन पार्कला गेलो.

डीन पार्क म्हणजे वर्तुळाकार रस्ता, त्याला लागून मोठी झाडं आणि बंगले, आणि मधोमध थाळीसारखं मैदान. हॅम्पशायर इथे १९९२पर्यंत खेळायचं. सामना नव्हता. दूरवर एक माणूस यंत्र घेऊन गवत कापत होता. आम्ही सावलीतल्या बाकावर बसलो.

शुक्रवार, ३ ऑगस्ट १८८८. आईला इस्पितळात ठेवून महिना होत आलेला. पुढे जिथले खून गाजले त्या व्हाइटचॅपलचं नावही अजून कुणाच्या तोंडी नाही. समोर मुंबईहून आलेले पारशी, ज्यांना बघायला इंग्लंडात ठिकठिकाणी लोक कुतूहलाने जमायचे. त्यांच्यातले काही मैदानावर पोलोच्या घोड्यांनी उखडलेल्या मातीत क्रिकेट शिकलेले. आणि या टोकाकडून ड्रुइट धावत येतोय. पहिली विकेट, दुसरी, तिसरी. बॉलरला जो दिवस वर्षातून एकदा लाभतो, हात नुसता सैल सोडला की चेंडू आपोआप टप्प्यावर पडतो, तसला तो दिवस असणार. चौथी, पाचवी.

मी उठून कडेला गेलो आणि माझा रनअप मोजला. नऊ पावलं. गुडघ्याने सातव्यालाच हरकत घेतली. गवतवाल्याने यंत्र थांबवून बघितलं, मग परत चालू केलं.

"मग, केले होते का हो त्याने खून?" बाकावर परतल्यावर हिने विचारलं.

"मला नाही वाटत."

"बॉलर आहे म्हणून?"

"थोडं त्यामुळेही."

हिने डबा उघडला. लेकीने रविवारी सकाळी निघताना दिलेला चिवडा तेव्हापासून पुरवून पुरवून खात होतो.

"आणि त्याने पाच काढल्या तो सामना? जिंकलं कोण?"

"पारशी."

"म्हणजे आपण," ती म्हणाली आणि दाणे बाजूला काढून माझ्या हातावर ठेवले.